रेघेवरची माणसे

तमाशाच्या फडात मुख्य गाणाऱ्याच्या पाठीमागे दोन-तीन माणसे उभी असतात. पुढच्याने ओळ टाकली की ती झेलायची, वर चढवायची, त्याचा दम संपला तरी सूर खाली पडू द्यायचा नाही, एवढेच त्यांचे काम. त्यांना झीलकरी म्हणतात. फलकावर नाव लागते ते पुढच्याचे, दौलतजादा होते ती त्याच्या नावाने. झीलकऱ्याचे नाव कोणी विचारत नाही. मी स्वतः लोकनाट्याचा तास घेताना झील म्हणजे काय हे पाच मिनिटांत सांगून पुढे सरकतो, कारण परीक्षेत त्यावर टीप येते ती दोन गुणांची. संगीत नाटकांतही निराळे काय होते? पडदा वर गेला की नांदीला सारी मंडळी हात जोडून उभी, आणि नांदी संपली की निम्मी मंडळी विंगेत गडप. ती पुन्हा दिसणार कधी, तर राजाच्या दरबारात भालदार-चोपदार म्हणून.

अशा झीलकऱ्यांचेच एक आख्खे नाटक १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये उभे राहिले. ‘अ कोरस लाइन’ हे त्याचे नाव. नाटक गाण्यांचे आणि नाचांचे. पण त्यात नायक नाही, नायिका नाही, राजा नाही आणि दरबारही नाही. ते ब्रॉडवेवर सलग पंधरा वर्षे चालले, त्याचे ६,१३७ प्रयोग झाले आणि तो तेव्हाचा तिथला उच्चांक होता. पुढे १९८५ साली त्यावर एक चित्रपट निघाला. चांगला सधन चित्रपट, मोठ्या नावाचा दिग्दर्शक, नाचायला एकाहून एक तयारीची माणसे. आणि तो पडला. वर्षभर या सदरात मी पुस्तकांचा उंबरठा सहसा ओलांडत नाही हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. पण दिवाळी अंकात पाने जरा ऐसपैस मिळतात, तेव्हा हा चित्रपट का पडला याविषयी मनात बरेच दिवस घोळत असलेले काही सांगून घेतो. परदेशच्या, चाळीस वर्षांपूर्वीच्या चित्रपटाचे आपल्याला काय, असे तुम्ही म्हणाल. थोडे थांबा.

आधी नाटकाच्या जन्माची हकीकत ऐकण्यासारखी आहे. मायकेल बेनेट हा नृत्यदिग्दर्शक. त्याची सुरुवात झाली ती याच झीलकऱ्यांच्या रांगेतून. जानेवारी १९७४ मध्ये एका रात्री, नाट्यगृहांतले खेळ सुटल्यावर, त्याने न्यूयॉर्कमधल्या एका व्यायामशाळेत वीसेक नर्तक-नर्तकी जमवल्या. आधी सगळे थोडे नाचले, मग जमिनीवर गोल करून बसले. मध्ये टेपरेकॉर्डर. एकेकाने आपली कहाणी सांगायची : कुठल्या गावचा, आईबाप कसे होते, नाचाकडे कसा वळलास, घर का सोडलेस. बोलता बोलता उजाडले. त्या ध्वनिफितींतून नाटक निघाले. संहिता लिहिली जेम्स कर्कवुड आणि निकोलस डान्टे यांनी. यांतला डान्टे हा त्या रात्रीच्या गोलात बसलेला नर्तकच. संगीत मार्विन हॅम्लिशचे, गीते एडवर्ड क्लेबनची. जोसेफ पॅप नावाच्या एका उदार निर्मात्याने आपल्या ‘पब्लिक थिएटर’ची जागा महिनोन्‌महिने तालमींना दिली आणि नटांना आठवड्याला शंभर डॉलर लावून दिले.

या हकीकतीतला एक तपशील मात्र घशाखाली उतरत नाही. त्या रात्री ज्यांनी आपले बालपण, आपली लाज, आपली दुखणी त्या यंत्रासमोर उघडी केली, त्यांनी आपापल्या कहाणीचे हक्क सही करून दिले ते प्रत्येकी एका डॉलरला. पुढे नाटकाने अपार पैसा मिळवला तेव्हा बेनेटने त्यांच्यासाठी उत्पन्नातला काही वाटा ठरवून दिला हे खरे. पण सही एका डॉलरची. आणि त्याहून गंमत अशी की, त्यांतल्या काहींना स्वतःच्याच कहाणीतली भूमिका मिळवण्यासाठी रीतसर ऑडिशन द्यावी लागली! कल्पना करा, तुम्हाला तुमच्याच घरी पाहुणा म्हणून जायचे आहे आणि त्यासाठी अर्ज भरायचा आहे.

नाटकाची गोष्ट दोन वाक्यांत सांगता येते. एका नव्या नाटकासाठी झॅक नावाच्या दिग्दर्शकाला कोरसमध्ये नाचणारे आठ जण हवे आहेत, चार पुरुष आणि चार बायका. गाळून गाळून सतरा उरले आहेत आणि त्यांतून आठ निवडायचे आहेत. बस्स. रंगमंच रिकामा. जमिनीवर एक पांढरी रेघ आणि मागे आरसे. सतरा जण त्या रेघेवर ओळीने उभे. कुणी तिशीला टेकलेली, कुणी नुकताच खेड्यातून आलेला, एक नवराबायकोचे जोडपे. कोणालाही तारका व्हायचे नाही. सर्वांना नोकरी हवी आहे. ज्या तारकेच्या पाठीमागे त्यांनी नाचायचे ती तर नाटकात येतच नाही. मध्यंतर नाही, सुमारे दोन तासांत सारा खेळ संपतो.

मी हे नाटक २०१३ च्या उन्हाळ्याच्या सुटीत लंडनला पाहिले. बहीण तिकडे असते. तिच्या मुलाच्या बारशाच्या निमित्ताने जाणे झाले होते आणि पॅलेडियम नाट्यगृहात तेव्हा त्याचे पुनरुज्जीवित प्रयोग चालू होते. तिकिटाचे रुपयांत गणित करायचे नाही अशी बहिणीने शपथ घातली होती. मी ते केलेच, पण मनातल्या मनात.

सुरुवातीला झॅक रंगमंचावर असतो. मग तो खाली उतरतो, प्रेक्षागृहाच्या मागच्या अंधारात जाऊन बसतो आणि तिथून ध्वनिक्षेपकातून बोलू लागतो. पुढे या, नाव सांगा, वय सांगा, स्वतःविषयी काहीतरी बोला. तो आवाज माझ्या पाठीमागून आला आणि मानेवर काटा उभा राहिला. एखादी गोष्ट आपल्याला न विचारता आपल्याकडून करवून घेतली जात आहे असे वाटले. कारण रेघेवरची ती सतरा माणसे उत्तर देताना पाहत होती ती आमच्याकडे. अंधारात झॅकच्या बरोबरीने आम्ही दोन हजार माणसे बसलो होतो. जे त्यांना निवडणार, जे त्यांना घरी पाठवणार, ते आम्हीच होतो. अर्ध्या तासात माझ्या लक्षात आले की मी मनाशी यादी करतो आहे : ही नक्की राहणार, तो उंच मुलगा जाणार, या बाईचे वय झाले. तिकीट काढून मी निवड समितीवर बसलो होतो.

या एका योजनेत नाटकाचे सारे सामर्थ्य आहे असे मला वाटते. रंगभूमीला हे साधते, कारण तिथे अंधार आणि उजेड हे एकाच छपराखाली असतात. आपल्याकडे १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’मध्ये जब्बार पटेलांनी माणसांची भिंत उभी केली, तीही अशीच प्रेक्षकाला घेरणारी. बारा ब्राह्मण गात, डोलत, पाठ फिरवत, आणि त्या पाठींमागे काय चालले आहे हे आपल्याला कळते पण दिसत नाही. (त्यावरही १९७६ मध्ये काही तरुण मंडळींनी मिळून मराठी चित्रपट काढला होता, पण त्यांचा हेतूच वेगळा होता, ते प्रकरण निराळे.) रांग ही साधी गोष्ट नाही. रांगेत उभे केलेले माणूस एकाच वेळी माणूसही असते आणि नगही असते. बेनेटने त्या दोन्हींमध्ये दोन तास आपल्याला हेलकावत ठेवले.

पॉल नावाचा एक पोर्टोरिकन मुलगा त्या रांगेत आहे. तो काही बोलायलाच तयार नसतो. शेवटी झॅक इतरांना विश्रांतीला पाठवतो आणि पॉल एकटाच उभा राहून सांगतो. गाणे नाही, वाद्य नाही, नाच नाही. पुरुषांनी बायकांचा वेष घेऊन नाचायचे अशा एका कंपनीत तो होता. घरी हे माहीत नव्हते. एके दिवशी कंपनी दौऱ्यावर निघताना आईबाप त्याला भेटायला नाट्यगृहात आले आणि त्यांनी त्याला लुगड्या-दागिन्यांत म्हणावे तशा त्या वेषात पाहिले. तो घाबरून गेला. बाप कंपनीच्या मालकाला जाता जाता एवढेच म्हणाला की माझ्या मुलाची काळजी घ्या. पॉल सांगतो, बापाने मला ‘मुलगा’ म्हटले ते त्या दिवशी पहिल्यांदा. ही कहाणी डान्टेची स्वतःची आहे. ज्या भाषेत नारायणराव राजहंस नावाच्या पुरुषाने शालू नेसावा आणि अख्ख्या महाराष्ट्राने त्यांना बालगंधर्व म्हणून डोक्यावर घ्यावे, त्या भाषेत वाढलेल्या माझ्यासारख्याला हे ऐकताना मोठा विलक्षण वाटत होता तो हा फरक. आपल्याकडे त्या शालूचे अनुकरण घरोघरच्या बायकांनी केले. तिकडे त्याच वेषापायी एक मुलगा बापाला तोंड दाखवायला भीत होता.

थोड्या वेळाने नाचता नाचता याच पॉलचा आधीच दुखावलेला गुडघा निखळतो. त्याला उचलून नेतात. रेघेवर एक जागा रिकामी. मग झॅक उरलेल्यांना विचारतो की ज्या दिवशी तुम्हाला नाचता येणार नाही त्या दिवशी काय कराल? कुणी थट्टा करते, कुणी चिडते. आणि मग डायना नावाची मुलगी एक गाणे सुरू करते आणि हळूहळू सगळे त्यात येऊन मिळतात. जे केले ते या कलेवरच्या मायेपोटी केले, त्याचा पस्तावा नाही, असा त्याचा भाव. हे गाणे बाहेर फार गाजले, ध्वनिमुद्रिकांवर मोठमोठ्या गायिकांनी म्हटले, आणि तिथे ते सरळ प्रेमगीत वाटते. नाटकात ते वाटत नाही. नाटकात ते एका मोडलेल्या गुडघ्याच्या शेजारी उभे राहून म्हटलेले असते.

आता चित्रपट. त्याचे दिग्दर्शक सर रिचर्ड ॲटनबरो. हे नाव आपल्या घरातले आहे. १९८२ चा ‘गांधी’ त्यांचा. त्या चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाले, आणि त्यांतल्या वेषभूषेच्या पारितोषिकात आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया वाटेकरी होत्या. ऑस्कर घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. संगीत नाटकाचा चित्रपट कसा करावा हेही ॲटनबरोंना ठाऊक नव्हते असे नाही. दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिलाच चित्रपट, १९६९ चा, लंडनमधल्या एका गाजलेल्या संगीत नाटकावरून केलेला होता आणि तो उत्तम वठला होता. ‘गांधी’मधल्या अंत्ययात्रेच्या प्रसंगाला त्यांनी दिल्लीच्या राजपथावर तीन लाखांवर माणसे जमवली होती. चित्रपटाच्या इतिहासात एवढी गर्दी एका चौकटीत क्वचितच कुणी धरली असेल. तीन लाख सांभाळणाऱ्या या गृहस्थाच्या हातून सतरा निसटले.

खुद्द बेनेटला चित्रपट करायचा होता. युनिव्हर्सल कंपनीने हक्कांसाठी पंचावन्न लाख डॉलर मोजले होते. बेनेटचे म्हणणे असे की, नाटक जसेच्या तसे पडद्यावर नेऊ नका. ‘अ कोरस लाइन’च्या चित्रपटात भूमिका मिळावी म्हणून जमलेल्या माणसांच्या ऑडिशनचाच चित्रपट करा. केवढी अक्कल होती त्या माणसाला! कॅमेरा हाच परीक्षक झाला असता. आणि कॅमेऱ्याच्या डोळ्याने पाहणारे आपण पुन्हा त्या अंधारात, झॅकच्या शेजारी जाऊन बसलो असतो. कंपनीला ते पटले नाही. बेनेट बाजूला झाला.

मग जे झाले ते पाहा. चित्रपटाची पहिली काही मिनिटे झकास आहेत हे कबूल केले पाहिजे. शेकडो नाचणारे, घामाने भिजलेले चेहरे, पावले मोजणारे ओठ, यांत कॅमेरा मोकाट फिरतो आणि आपला श्वास वर जातो. पण लवकरच कॅमेरा मागे वळतो आणि प्रेक्षागृहात बसलेल्या झॅककडे पाहतो. झॅकचे काम मायकेल डग्लसने केले आहे. देखणा नट, तेव्हा उगवता तारा. आता झॅकला चेहरा आला, कपाळावरच्या आठ्या आल्या, भूतकाळ आला. तो आपल्यातला राहिला नाही. रेघेवरची माणसे आता त्याच्याकडे पाहतात आणि आपण मात्र बाजूला उभे राहून दोघांकडे पाहतो. निवडीचे ओझे एका माणसाच्या खांद्यावर गेले आणि आपण सुटलो. सुटलेला प्रेक्षक हा मोठा आरामात असतो. तो शेंगदाणे खातो.

झॅकला चेहरा आला म्हटल्यावर त्याला प्रेम हवेच. कॅसी ही झॅकची एके काळची प्रेयसी, कोरसमधून वर गेलेली, चित्रपटांत नशीब काढायला कॅलिफोर्नियाला गेलेली आणि हात हलवत परत आलेली. नाटकात ती पहिल्यापासून त्या रेघेवर उभी आहे, इतरांसारखीच, आणि तिचे मागणे एवढेच आहे की मला पुन्हा रांगेत घ्या. वर चढलेल्या माणसाला पुन्हा खाली जागा मागावी लागते आणि खालचा म्हणतो की तू इथे शोभत नाहीस, यात केवढे कारुण्य आहे! चित्रपटात मात्र ती टॅक्सीतून, रहदारीत अडकत, उशिरा येते. आपल्याला कळावे म्हणून, की हीच नायिका. नायिका उशिरा येते हा चित्रसृष्टीचा कायदाच आहे. मग ती वर काय जाते, पडद्यामागे काय थांबते, मधूनच दोघांचे जुने दिवस काय दिसतात. प्रत्येक वेळी कॅमेरा तिच्यामागे धावतो आणि रेघेवरची माणसे तिष्ठत उभी राहतात. माझी खात्री आहे, त्यांतल्या एखादीने तरी मनात म्हटले असेल, बाई, आमचेही ऐका.

आणि ते गाणे. गुडघा मोडल्यानंतरचे, सगळ्यांनी मिळून म्हटलेले. चित्रपटात ते एकट्या कॅसीला दिले आहे आणि ते तिने म्हटले आहे झॅकवरच्या प्रेमासाठी. शब्द तेच, चाल तीच. तुकोबांचा अभंग उचलून कुणी लग्नपत्रिकेवर छापावा तसे ते झाले आहे. अक्षर चुकलेले नाही, पण पत्ता चुकला. आयुष्यभराच्या धंद्यावरचे प्रेम काढून तिथे एका माणसावरचे प्रेम बसवले, की सिनेमावाल्यांना ते ओळखीचे वाटते. मला या एका ठिकाणी चित्रपट थांबवून उठावेसे वाटले.

बाकीची काटछाट मी मोजीत बसत नाही. वयात येतानाची सगळ्यांची मिळून जी लांबलचक, धमाल, अर्धी लाजरी आठवणमाला नाटकात आहे ती गेली आणि तिच्या जागी एक नवे गाणे आले. त्या नव्या गाण्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. नामांकने काय, मिळतात. पण त्या जोडप्याचे गाणे गेले याचे मला वाईट वाटते. बायकोला गाता येत नाही आणि तिचे प्रत्येक वाक्य नवरा पुरे करतो, असे ते गमतीचे गाणे. पुढे ती दोघेही निवडीत गळतात तेव्हा त्या गमतीची किंमत कळते. गाणेच काढल्यावर ती दोघे कोण, कुठली, कशाला गळली?

मूळ नाटकात शीलाचे काम करून टोनी पारितोषिक मिळवणारी केली बिशप पुढे मोठ्या संतापाने म्हणाली की, दिग्दर्शकाने दूरदर्शनच्या एका मुलाखतीत ही धंद्यात शिरू पाहणाऱ्या पोरांची गोष्ट असल्याचे सांगितले, तेव्हाच सारे कळून चुकले. तिचे म्हणणे, ही गोष्ट पोरांची नाहीच. वर्षानुवर्षे नाचून झालेली माणसे, पाय थकायच्या आत एक शेवटची नोकरी मिळते का ते बघत आहेत, त्यांची ही गोष्ट. शीलाच्या तोंडून हे यावे हे योग्यच. तीच त्या रेघेवर तिशीच्या दाराशी उभी होती.

आता माझे म्हणणे सांगतो. मी नाच शिकलेला नाही. गणपतीतसुद्धा मी झांज वाजवण्यापलीकडे गेलेलो नाही. पण रेघ मला माहीत आहे. मराठी घेऊन एम.ए. झालो, नेट झालो, आणि नऊ वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. तासाला इतके रुपये, सुटीचे नाहीत, परीक्षेच्या काळातले नाहीत. सकाळी एका महाविद्यालयात दोन तास, दुपारी दुसऱ्या गावी तीन, मध्ये एस.टी. दरवर्षी जूनमध्ये मुलाखती. एका मुलाखतीची आठवण आहे. जागा एक, व्हरांड्यात बाके चार आणि उमेदवार तीसच्या वर. प्रत्येकाच्या मांडीवर प्लॅस्टिकची फाइल, तीत प्रमाणपत्रे, वरती आईने किंवा बायकोने लावलेले कुंकवाचे बोट. माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते, वय बेचाळीस, पीएच.डी. संत साहित्यावर. ते मला दर जूनमध्ये कुठल्या ना कुठल्या व्हरांड्यात भेटत. आम्ही एकमेकांना ‘काय, यंदा तरी?’ एवढेच म्हणत असू. आत गेल्यावर मला टेबलाच्या पलीकडून एकाने विचारले की, समजा, ही नोकरी नाहीच मिळाली तर तुम्ही काय करणार? मी काहीतरी बोललो. त्यांनीही ते ऐकले नाही. नियुक्ती आधीच ठरलेली होती, हे आम्हा तिसांनाही बाहेर ठाऊक होते.

लंडनमध्ये झॅकने तोच प्रश्न विचारला तेव्हा माझ्या नोकरीला कायम होऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. पुढे मी स्वतः दोनदा विषयतज्ज्ञ म्हणून टेबलाच्या पलीकडे बसलो. तिथून व्हरांडा दिसत नाही. एकामागून एक माणूस आत येतो, नाव सांगतो, फाइल पुढे सरकवतो आणि पाचव्या-सहाव्या उमेदवारानंतर चेहरे एकमेकांत मिसळू लागतात. चहा येतो. कोणीतरी घड्याळ पाहते. नाटकाने मला ज्या अंधारात बसवले होते तो हाच अंधार. चित्रपट पाहताना मला तो कुठे सापडला नाही म्हणून माझी निराशा झाली. तिथे निवडणारा कोण हे स्पष्टच होते : मायकेल डग्लस. त्याचे आणि माझे काय नाते?

हा चित्रपट मी अलीकडे घरीच पाहिला, मुलीबरोबर. ती अकरावीत आहे आणि कथक शिकते. तिला तो आवडला. “बाबा, नाच किती भारी आहेत!” हे तिचे मत. मी नाटकाविषयी सांगू लागलो तेव्हा ती म्हणाली, “पण मी नाटक कुठे बघणार? माझ्यासाठी हेच नाटक.” यावर मला चटकन उत्तर सुचले नाही. न्यूयॉर्कच्या माणसाला चित्रपट फसला तर फसला. त्याच्याकडे नाटकाची आठवण आहे, गावात कुठे ना कुठे प्रयोग लागतो. नाशिकच्या, सोलापूरच्या, नागपूरच्या माणसाला ‘अ कोरस लाइन’ म्हणून जे मिळते ते हे. पत्ता चुकलेले ते गाणे माझ्या मुलीच्या कानात आता कायमचे प्रेमगीत म्हणून राहणार. गाजलेल्या नाटकाचा वाईट चित्रपट निघतो तेव्हा खरे नुकसान होते ते त्यांचे, ज्यांना आपले नुकसान झाले हे कळायलाही वाव नसतो.

तेव्हा मी शोध घेतला आणि तिला दुसरे काहीतरी दाखवले. २००६ साली ब्रॉडवेवर हे नाटक पुन्हा आले. त्यासाठी हजारो नर्तकांच्या चाचण्या झाल्या आणि त्या चाचण्यांचाच एक माहितीपट निघाला, ‘एव्हरी लिटल स्टेप’, २००८ सालचा. बेनेटच्या १९७४ च्या त्या रात्रीच्या फितीही त्यात ऐकू येतात. म्हणजे ऑडिशनच्या नाटकाच्या ऑडिशनचा चित्रपट. बेनेटला हवा होता जवळजवळ तसाच, फक्त तो १९८७ मध्ये वारला होता. यात परीक्षकांच्या टेबलाशी बेयॉर्क ली ही बाई बसलेली आहे. १९७५ मध्ये ती त्या पहिल्या रेघेवर होती. उंची कमी असल्यामुळे आयुष्यभर लहान मुलींची कामे करावी लागलेल्या नर्तकीची भूमिका तिची, आणि ती कहाणीही तिचीच. तीस वर्षांनी ती आता दुसऱ्या एखादीला ‘तू नको’ असे सांगायला बसली आहे. तिच्या तोंडावरचे भाव कॅमेऱ्याने नुसते टिपले आहेत. त्यांना कुठे फोडणी दिलेली नाही.

त्यात एक प्रसंग आहे. पॉलच्या भूमिकेसाठी कितीतरी मुले येऊन ते बापाचे भाषण म्हणून गेली आहेत. परीक्षक कंटाळले आहेत. मग जेसन टॅम नावाचा मुलगा आत येतो. साध्या कपड्यांत उभा राहून तो बोलू लागतो. तो संपवतो तेव्हा टेबलामागची सारी माणसे रडत असतात. तो बाहेर गेल्यावरही त्यांना काही वेळ बोलता येत नाही. मुलीने माझा हात धरला होता.

“याला घेतलं ना?” तिने विचारले.

त्याला घेतले. बाकीच्यांनी पिशव्या खांद्याला लावल्या, पाण्याच्या बाटल्या उचलल्या आणि ते जिना उतरून रस्त्यावर आले.